शिळं पाणी

माझा तोरा भारी. सकाळी उठलं की कालचं पाणी मोरीत ओतायचं, हंडा घासायचा आणि नळाचं ताजं भरायचं. शिळ्या पाण्याचा थेंब घरात ठेवायचा नाही, ही आईची शिस्त मी कोल्हापुरात सासरीही मिरवली.

शेजारी भाभी राहायची. शिवणकाम करायची, नवरा कुवेतला. जाताना त्यानं दोन सोनेरी मासे आणून दिलेले. बरणीत ते एवढे वाढले की वळायला जागा उरेना. "ह्ये येईस्तोवर जगवायचं हायेत बगा, वैनी," म्हणायची. तसबिरींना काचा बसवणाऱ्याकडं तिनं मोठी काचपेटी करायला टाकली, आणि नेमकं हुपरीला बहिणीचं लग्न निघालं. बरणी आणि एक भरलेली बादली माझ्या दारात ठेवून म्हणाली, "पेटी आली की तुमीच हलवा मासं. बादलीतलं पानी मुद्दाम दोन दिस ठिवलंय, त्येच घाला. आनि बरणीतलं टाकू नगासा, त्यात त्ये रुळल्यात."

पेटी आली. बादलीवर धूळ तरंगत होती, बरणीतलं पाणी हिरवट झालेलं. मी नाक मुरडलं. आता खरं सांगते, ते शिळं होतं म्हणूनच नाही, तिच्या घरचं होतं म्हणूनसुद्धा. इतकी वर्षं तिच्याकडनं पोलकी शिवून घेतली, पण तिच्याकडं घोटभर पाणी कधी प्याले नाही. "उपास आहे," म्हणायची. बाई गं, किती ते उपास!

दोन्ही पाणी मोरीत ओतलं. पेटी नळाखाली भरली. त्या दिवशी नळाला औषधाचा उग्र वास येत होता, मला तोही स्वच्छतेचाच वाटला. मासे सरळ आत सोडले. सरसर धावले. मी म्हटलं, बघा कसे खूश झाले! दुपारी वर येऊन तोंडं वासायला लागले. दिवेलागणीला दोन्ही उताणे.

दोन दिवसांनी भाभी आली. रिकामी पेटी बघून म्हणाली, "मी सांगिटल्यागत क्येलतं न्हवं?"

"व्हय की," मी म्हटलं. "उष्म्यानं गेले." जीभ जराही अडखळली नाही.

ती पेटीपाशी बसली. "आता त्यास्नी काय लिवू?" एवढंच म्हणाली. मला रडूच फुटलं, ठसका लागला. घरात पाणी कुठलं? माझे हंडे सकाळीच ओतून झालेले, आणि नळ आलाच नव्हता. भाभी पळत जाऊन तांब्या भरून घेऊन आली. उंबऱ्यात मात्र थबकली.

"कालचं हाय, वैनी. चालंल न्हवं?"

मी घटाघटा प्याले. खरी गोष्ट तेव्हाही घशातून वर आली नाही. आणि ती माझ्याच पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "गप ऱ्हावा. तुमचा काय दोष त्यात?"