धुण्याच्या खोलीचं दार

आमचं वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात होतं. ओट्याच्या शेजारी, फ्रिज आणि पिठाच्या डब्याच्या मधे कोंबलेलं. ते कपडे पिळायला लागलं की मांडणीतली ताटं वाजायची आणि आमटीच्या पातेल्यावरचं झाकण नाचायचं. पाण्याची नळी सिंकमधे सोडायला मी विसरले, तर साबणाचं पाणी थेट देवघरापर्यंत. नवरा म्हणायचा, "चला, देवांचीही आंघोळ झाली." त्याला विनोद सुचायचे, कारण पुसायला मी होते.

शेवटी यंदा उन्हाळ्यात मी ठरवलं, बास झालं. मागची पडवी बंद करायची आणि तिथे धुण्याची खोली करायची. उमेळे गावातलं आमचं घर बैठं. सासऱ्यांच्या वेळी मागे केळीची आणि चिकूची वाडी होती. आता तिथे इमारत उभी आहे आणि आमच्या वाट्याला उरली आहेत चार झाडं, जास्वंदीचं कुंपण आणि ही पडवी. पडवीत मोडकी सायकल, गंजलेला कूलर आणि "कधीतरी लागेल" म्हणून जपलेल्या लाद्या. एवढ्या वर्षांत कधी काही लागलं नाही.

मी शाळेत गणित शिकवते, तेव्हा आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. मशीनसाठी खाली छोटा ओटा, म्हणजे दरवेळी कंबर मोडायला नको. बाजूला खोल सिंक, त्यावर दोन नळ. आमच्याकडे बोअरचं पाणी खारट. साबणाला फेस येत नाही आणि पांढरा शर्ट दोन महिन्यांत चहाच्या गाळण्यासारखा दिसायला लागतो. महापालिकेचं गोडं पाणी आलं तर आपलं, नाही तर नाही. म्हणून धुणं बोअरच्या पाण्यात आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा. भिंतीला मिटणारं इस्त्रीचं फळकुट, मळक्या कपड्यांच्या टोपल्या, आणि दार स्वयंपाकघरातून, म्हणजे एकीकडे भाजी, एकीकडे धुणं. वाळत घालायचं ते बाहेर, कडक उन्हात. नवऱ्याने नकाशा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "खोली धुण्याची आहे की लग्नाचा हॉल?" मी म्हटलं, "तुमचे मोजे आता तुम्हीच धुणार आहात त्यात, तेव्हा जरा आदराने बोला."

तेव्हा अण्णा आमच्याकडे होते. अण्णा म्हणजे माझे वडील. कोकणातल्या आमच्या गावात ते शाळामास्तर होते, आणि अजून अख्खा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. आई गेल्यापासून एकटेच राहायचे. थंडीत अंगणात पाय घसरून पडले आणि शेजाऱ्यांना दिसेपर्यंत तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण माझं काळीज मोडायची वेळ आली. मी एकुलती एक. गेले आणि त्यांना घेऊनच आले. अडगळीची खोली रिकामी करून तिथे त्यांची कॉट टाकली.

"आठ दिवस राहीन," ते म्हणाले होते. मग "शिमग्यापर्यंत" झालं. आता म्हणत होते, "पावसाआधी जातो. घर शाकारायचं आहे. आणि लेकीच्या दारी बापाने किती दिवस पडून राहायचं, बाय?" त्यांनी जावयाकडून मेअखेरीचं तिकीटही काढून घेतलं. मी भांडले, रुसले, नातीच्या नावाने गळ घातली. नात पुण्याला शिकते, आणि तिने फोनवरून त्यांना चांगलं खडसावलं. पण अण्णा म्हणजे अण्णा. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही. मला एकच भीती होती. हा माणूस त्या रिकाम्या घरात पुन्हा पडेल आणि या वेळी कोणाला दिसणार नाही.

त्यांचं एक तंत्र माझ्या डोक्यात जायचं. स्वतःचे कपडे ते मला धुऊ देत नसत. "लेकीने बापाचे कपडे धुवायचे? मला हात नाहीत?" शिवाय संध्याकाळी चहा बंद केला होता. "पित्त होतं." जेवताना पाणीही घोटभर. उन्हाळ्यात असं कोणी करतं का? मी तोंडाला येईल ते बोलायचे. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या शाळेतल्या पाचवीच्या पोरांनाही ठाऊक आहे.

नकाशा त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो पेपर तपासल्यासारखा तपासला.

"छान काढलायस," म्हणाले. "दाराला आतून कडी ठेव."

"आतून? धुण्याच्या खोलीला? अण्णा, तिथे मी काय खजिना पुरणार आहे?"

"असू दे गो. आणि एखादी दोरी आतल्या अंगाला बांध. सगळंच बाहेर वाळत घालायला हवं असं नाही."

झालं! मी त्यांना उन्हाचे फायदे सांगायला लागले. जंतू काय, कुबट वास काय, दमट हवा काय. गुरुजींना शाळा शिकवली. त्यांनी चष्मा काढला आणि ते खोलीत गेले. रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "म्हातारपणी माणसाला कड्याकुलपांचं वेडच लागतं बघा."

पुढच्याच आठवड्यात शाळेत निकालपत्रकांचं काम लवकर आटोपलं आणि मी अकरालाच घरी आले. फाटक उघडंच होतं. मागच्या बाजूला काही हललं म्हणून मी घराला वळसा घालून गेले. जास्वंदीच्या कुंपणावर, इमारतीच्या भिंतीआड, रस्त्यावरून कोणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात अण्णा चादर पसरत होते. त्यांच्या कॉटवरची निळी चादर. तिच्यातून पाणी ठिबकत होतं, धड पिळलेली नव्हती. ती पसरून ते तिच्याजवळ उभे राहिले आणि गल्लीकडे बघत राहिले, राखण करत असल्यासारखे.

मी हाक मारणार होते. "अहो अण्णा, तुम्हाला कोणी सांगितले हे उद्योग?" हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांच्या खोलीच्या खिडकीतून आत नजर गेली. गादी भिंतीला उभी केलेली होती. स्टुलावर टेबलफॅन ठेवून त्याचं तोंड गादीकडे वळवलं होतं. गादीच्या मधोमध ओला डाग होता.

मग सगळंच कळलं. संध्याकाळचा चहा, घोटभर पाणी, कडी, आतली दोरी. पावसाआधी जाण्याची घाईसुद्धा. पावसात ही चादर कुंपणावर वाळणार नव्हती.

मला रडू आलं. रागही आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. ज्या माणसाने हजार पोरांची नखं आणि गणवेश तपासले, ज्याच्या धोतराला कधी सुरकुती दिसली नाही, तो माझ्या घरात चोरासारखा उभा होता. मी आल्या पावली मागे फिरले. गल्लीच्या तोंडाशी जाऊन शहाळेवाल्याकडे एक शहाळं घेतलं, ते संपल्यावर दुसरं घेतलं. मग परत आले आणि फाटक असं दणकन आपटलं की शेजारच्या इमारतीतलं कुत्रं भुंकायला लागलं. अण्णा ओसरीवर पेपर वाचत बसले होते.

"लवकर आलीस?"

"निकाल लागला," मी म्हटलं. "सगळे पास."

नवऱ्याला मी त्या संध्याकाळी सांगितलं. वाटलं होतं, हा काहीतरी बोलेल. त्याने विनोद केला नाही. म्हणाला, "मग दार त्यांच्या खोलीतूनच काढू. पडवीकडची खिडकी आहेच, ती तोडू." मी विचारलं, "आणि त्यांच्याशी बोलायचं कोणी?" तो म्हणाला, "कशाला बोलायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. या वेळी तेवढं तोंड बंद ठेव, बाई." आता हे मला सांगणं म्हणजे समुद्राला भरती आणू नको म्हणण्यासारखं. पण ठेवलं मी तोंड बंद.

दुसऱ्या दिवशी आलेखाचा कागद फाडून नवा घेतला. दार अण्णांच्या खोलीतून. आतून कडी. उंबरठा नको, पाय अडखळेल. मशीनचा ओटा आधीपेक्षा उंच, पुढे भिंतीत धरायला दांडा. कपडे वाळत घालायला दोरीने वर खेचायच्या दांड्या आतच, छताला जाळीचा झरोका आणि एक पंखा. गवंडी वैतागला. "मॅडम, काल स्वयंपाकघरातून दार सांगितलंत, आज खोलीतून. एकदा काय ते नक्की करा." मी म्हटलं, "आज केलं ते नक्की." "पण स्वयंपाकघरातून सोयीचं होतं की." "सोय मला कळते, तुम्ही खिडकी फोडा."

अण्णांना कारण द्यायला हवं होतं. "स्वयंपाकघराची भिंत फोडली तर तिथली पाइपलाइन तुटते म्हणे," मी ठोकून दिलं. "आणि मी दिवसभर शाळेत. दुपारी मशीन लावायला कोणीतरी माणूस लागतो ना." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं खोटं बोलणारी पोरं पकडलेला माणूस तो. पण "बरं" म्हणाले.

काम चाललं. फरशी बसल्यावर मी तांब्याभर पाणी ओतून बघितलं, तर ते मोरीकडे जायचं सोडून कोपऱ्यात जाऊन बसलं. गवंडी म्हणाला, "झाडूने लोटलं की जाईल." मी म्हटलं, "लोटायला तुम्ही येणार का रोज?" ओल्या लादीवर अण्णांचा पाय कसा पडेल, तेवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. तो कोपरा पुन्हा फोडून ढाळ नीट करून घेतला. मशीन तिथे हलवल्यावर नवऱ्याने अण्णांना हाक मारली. "अण्णा, इतकी वर्षं झाली, मला अजून ही बटणं कळत नाहीत. तुम्ही जरा माहितीपुस्तक वाचा." दोघे दुपारभर मशीनसमोर बसले. जावयाला मशीन उत्तम चालवता येतं, ते अण्णांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण दोघांनी नाटक मन लावून केलं.

त्यानंतर अण्णांच्या खोलीतून दुपारी मशीनचा आवाज यायला लागला. दांड्यांवर कधी धोतर, कधी चादर. मी तिकडे फिरकत नव्हते. माझे कपडे टोपलीत ठेवायचे, ते धुतलेले, घडी घातलेले परत मिळायचे. म्हणजे आता बापच लेकीचे कपडे धुवायला लागला होता! संध्याकाळी एकदा न विचारता म्हणाले, "अर्धा कप टाक गो माझाही." मी पूर्ण कप टाकला. पण जाण्याचं ते काही बोलत नव्हते, आणि तिकीट रद्द करा असंही म्हणत नव्हते. मे सरत आला तशी माझी झोप उडाली. विचारायचं तर फटकन नको ते तोंडातून जायचं. आणि न विचारता राहावं तर ते बॅग घेऊन उभे राहायचे.

एके दिवशी दुपारी लाइट गेली. मी स्वयंपाकघरात कैऱ्या किसत होते. थोड्या वेळाने अण्णांची हाक आली.

"बाय, जरा इकडे ये."

मी हात पुसत त्यांच्या खोलीत गेले. धुण्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. मशीन अर्ध्यावर बंद पडलेलं, आणि अण्णांच्या हातात पाण्याने जड झालेली निळी चादर. तासाभरात लाइट आली असती. थांबले असते तरी चाललं असतं.

"एक टोक धर," म्हणाले. "एकट्याला पिळवत नाही."

मी धरलं. पीळ द्यायला लागलो तर चादर नुसतीच गरगर फिरायला लागली. "अगं, आपापल्या उजवीकडे! उजवा हात कुठला तुझा? गणित शिकवतेस ना?" गुरुजी ओरडले. मी हसले, तेही हसले. मग चादरीला नीट पीळ बसला आणि पाणी धारेने खाली आलं. माझ्या डोळ्यांतूनही आलं. ते पुसायला हात मोकळे नव्हते आणि पुसावं असं वाटतही नव्हतं. अण्णांनी बघितलं. चादर झटकून आम्ही दोघांनी मिळून दांडीवर टाकली.

त्यांनी टॉवेलला हात पुसले, एकेक बोट करून, हळूहळू. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लहान मुलांच्या गादीवर घालतात ना, ते रबरी कापड. ते मोठ्या मापाचं मिळतं का बघ."

"बघते."

"आणि अजून दोन चादरी लागतील. पावसात एवढ्याने भागायचं नाही."

मी कैऱ्या तशाच टाकल्या, पिशवी घेतली आणि भर उन्हात स्टेशनकडच्या बाजाराला निघाले.