टाळीकाकांनी धरून ठेवलेली जागा

कुठल्याही खोलीत शिरलं की टाळीकाका आधी टाळी वाजवायचे. एकच. मग मान तिरकी करून ऐकत उभे. लग्नाचा हॉल असो नाहीतर दवाखाना. एकदा तर चक्क मयताच्या घरी वाजवली, आणि सगळी भावकी बघायला लागल्यावर म्हणाले, "खोली अजून भरल्याली हाय की."

शिवाजी पेठेत पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचा गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ. मी मिक्सिंग तिथंच शिकले. प्लगीन म्हणजे काय, विचारलं तर म्हणाले, "सॉफ्टवेअर म्हंजे घर, प्लगीन म्हंजे पावणं. घर चालू हुताना सगळ्या पावण्यांस्नी हाक मारतंय. वळखीचा असला तर आत, न्हायतर उंबऱ्याभाईर. आन् ध्येनात ठेव पोरी, आत आवाज दिल्याबिगर घुमारा भाईर यीत न्हाय."

खोल्यांचे घुमारे गोळा करायचा त्यांना भारी नाद. खोलीत फुगा फोडायचा, त्याचा घुमारा रेकॉर्ड करून प्लगीनमध्ये भरायचा. मग कुणीही गाऊ दे, त्याच खोलीत गातोय असं वाटतं. एकदा घरच्या स्वयंपाकघरात फुगा फोडला आणि नेमकी काकूंची बांगडी किणकिणली. काका ओरडले, "जरा गप ऱ्हावत न्हाय व्हय गं?" काकू म्हणाल्या, "मग भाकरी कोण थापणार, तुमचा फुगा?" काकांनी हसत हसत तेच रेकॉर्डिंग ठेवलं.

वर्षभरात काकू गेल्या. नंतर काका प्रत्येक गाण्याला ते 'स्वयंपाकघर' लावायचे, अगदी बारीक. मुरगूडच्या एका भजनीबुवांनी हेडफोन काढून विचारलेलं, "मागं कोण बाई हाय का?"

"घरातलीच हाय," काका म्हणाले. "तुमी गावा."

शेवटी दवाखान्यात जाताना मला म्हणाले, "मशीन बदल, काय बी बदल. तिची जागा तेवढी पुसू नगंस."

काका परत आले नाहीत. जुना कॉम्प्युटर मान टाकायला लागला म्हणून मी नवा घेतला, सॉफ्टवेअरही नवं. काकांचं जुनं प्लगीन त्यात चालेना. खूप खटपट केली. मूळ रेकॉर्डिंग कधीच उडालेलं, म्हणजे काकूंची ती किणकिण कायमची गेली. काकांचं शेवटचं गाणं उघडलं तर 'स्वयंपाकघर' हे नाव करडं पडलेलं, आणि खाली लिहिलेलं, 'सापडत नाही'. सॉफ्टवेअर असंच करतं, पाहुणा आला नाही तरी त्याची जागा नावानिशी धरून ठेवतं. मित्र म्हणाला, "काढून टाक की, कशाला अडगळ?" मी नाही काढली.

काल दुपारी गिरणी बंद होती. मी त्या नावाखाली एक कोरा ट्रॅक ठेवला. त्यात काहीच नव्हतं, श्वाससुद्धा नाही. उगीच प्ले दाबलं.

आवाजाचा मीटर हिरवा झाला. हेडफोनमध्ये बांगडी किणकिणली. मग तिच्या अगदी शेजारी एक टाळी.

फुगा नाही. टाळी.

मी मान तिरकी करून ऐकत बसले. खोली भरलेली होती.