शेपूला जमत नाहीये

डोळा लागतोय असं वाटतं आणि लागत नाही, अशी ती मेली दुपार. कुमुद दिवाणावर आडवी झालीये. पायाशी खोकीच खोकी. एकात बिल्ले, एकात स्मृतिचिन्हं, एकात फेटे. आतल्या खोलीत यजमान केव्हाचे घोरताहेत, त्यांना काय! कुशीवर वळावं तर फेट्यांच्या खोक्याचा कोपरा पोटरीला टोचतो, उताणं व्हावं तर सकाळचं सगळं डोळ्यांपुढे येतं.

हौस कुणाला होती? हिलाच. कृषी विद्यापीठातल्या त्यांच्या बॅचचा स्नेहमेळावा करायचा असं ग्रुपवर निघालं, सगळ्यांनी 'वा वा, झालाच पाहिजे' केलं आणि करणार कोण म्हटल्यावर सगळे चिडीचूप. तेव्हा हिनं लिहिलं, "मी आहे ना!" ही बाई पहिल्यापासून अशीच. परक्याच्या लग्नात गेली तरी पदर खोचून वाढायला उभी राहील. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यापासून तर हात नुसते शिवशिवत होते. हॉल हिनं ठरवला, आचारी हिनं पाहिला, आणि फोन कर-करून एकेकाला शोधून काढायचं कामही हिनंच अंगावर घेतलं.

सगळे सापडले. एक शेपू तेवढा हाती लागेना.

शेपू म्हणजे कोण, हे त्यांच्या बॅचला सांगावं लागत नाही. पहिल्या वर्षी प्रत्येकाला भाजीचा एकेक वाफा लावायला दिला होता. या पोराच्या वाट्याला शेपू आला आणि असा काही तरारला की वसतिगृहाच्या खानावळीत रोज शेपूचीच भाजी. पोरं वैतागली आणि त्यालाच शेपू म्हणायला लागली. शिडशिडीत, कमी बोलणारा. पण रात्री सरांसारखा नाकात आवाज काढून हजेरी घ्यायला लागला की हसून हसून पोटं दुखायची. सगळ्यांची पूर्ण नावं त्याला तोंडपाठ, बापाच्या नावासकट. स्वतःचं नाव तेवढं तो घेत नसे. आपणच पुकारायचं आणि आपणच हजर म्हणायचं, त्यात काय मजा?

मेळाव्यातही हजेरी त्यानंच घ्यायची असं कुमुदनं ठरवलं होतं. बॅचमधल्या हरिश्चंद्रच्या जुन्या फोनात 'शेपू' म्हणून नंबर सापडला, त्यावर ही दिवाळीपासून मेसेज करत होती. उत्तर नाही. मेसेज पाहिला जायचा, निळ्या खुणा उमटायच्या, आणि पुढे काही नाही. मग हिचा तोल सुटला. हिनं आपल्या खणखणीत आवाजात बोलून पाठवलं, "अरे शेप्या, मेलास की काय? एवढा भाव खातोस? आता उत्तर नाही दिलंस ना, तर तुझं श्राद्धच घालते बघ!"

आठवड्यानं, आज सकाळी, उत्तर आलं. 'ताई, मी त्यांची मिसेस सुभद्रा. हे श्रावणातच गेले. तुम्हाला कळलं नाही वाटतं. मारोती गंगाधर ढगे.'

आणि कुमुदला कळलं होतं, हीच तर गंमत! श्रावणात विद्यापीठाच्या कचेरीतून कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं: आपल्या बॅचचे मारोती गंगाधर ढगे यांचं निधन झालं. हा ढगे कोण, हे एकालाही आठवलं नाही आणि विचारलंही कुणी नाही. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. कुमुदनंही टाकलं. पुरण वाटत होती, एक हात बरबटलेला, दुसऱ्या हातानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि पुन्हा पुरणाकडे वळली.

सुभद्राला उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. तेवढ्यात ग्रुपवर हरिश्चंद्र विचारायला लागला, "शेप्याचं पक्कं ना? हजेरी तोच घेणार ना?" कुमुदच्या बोटांनी लिहून टाकलं, "शेपूला जमत नाहीये."

लिहिलं आणि फोन उशाखाली सारला. कुणाला कळणार आहे? सुभद्रानं फक्त हिलाच कळवलंय. रविवारी मेळावा होईल, फेटे बांधले जातील, ढगेंच्या नावानं सगळे दोन मिनिटं उभे राहतील आणि शेपू न आल्याबद्दल त्याला चार शिव्या घालतील. झालं. आपली अब्रू तरी राहील, असं ती स्वतःला समजावते आणि तोंडावर पदर ओढून घेते. लाज मात्र पदराच्या आतच येऊन बसते.

पदराला ओल्या मातीचा वास येतो.

"पाय उचल की. रोपं चेंगरायलीस."

कुमुद पाय वर घेते. दिवाण काळ्या मातीचा आहे आणि तळव्याला चिखल लागलाय. त्यात तिला नवल वाटत नाही. वाफ्याच्या कडेला तो उकिडवा बसून झारीनं पाणी घालतोय. शर्ट तोच, खिशाला पेन लावलेला, डोकं मात्र पांढरंशुभ्र.

"शेप्या! तू कसा काय आलास?"

"दिवाळीपासून बोलवायलीस. आलो."

"अरे, पण तू तर..." पुढचा शब्द तिच्या तोंडातून निघत नाही. सकाळपर्यंत किती सहज निघत होता!

"म्हण की," तो हसतो. "मेलास की काय, म्हणून तूच विचारलंस. खरं सांगायचं तर, होय."

कुमुदला वाटतं, या मातीतच शिरावं आणि वरून कुणीतरी माती लोटावी. "मला माहीत नव्हतं रे. देवाशपथ."

"बरं. चल, जेवायची वेळ झाली."

वाफा लांबच लांब होत जातो आणि खानावळीचा बाक होतो. स्टीलची ताटं, त्यांत शेपूची भाजी, पोरांचा आरडाओरडा. पोरं दिसत नाहीत, नुसता आवाज. तो कुमुदच्या शेजारी बसलाय आणि भाकरीच्या तुकड्यानं भाजी ताटाच्या कडेला लोटतोय.

"खा की," कुमुद म्हणते. "तुझ्या आवडीची."

"मला शेपू आवडत नाही, बोरीकर."

बोरीकर हे तिचं माहेरचं आडनाव. या नावानं हाक मारणारं तिला आता कुणी उरलेलं नाही. ते ऐकून तिला बरं वाटतं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटते, कारण त्याचं आडनाव तिला आज सकाळी कळलंय.

"आवडत नाही? मग शिकत होतास तेव्हा बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं कुठं? आणि नाव असं लाडानं ठेवलेलं तुम्ही. ते काय परत करायचं?"

त्याच्या बोलण्यात राग नाही. राग असता तर कुमुद भांडली असती, भांडणात ती कुणाला ऐकत नाही. ती खाली मान घालून आपली भाकरी मोडत बसते. भाकरी संपत नाही.

खानावळीच्या टोकाला एक बाई पाठमोरी उभी आहे. चूल नाही, गॅसची शेगडी आहे, ओट्यावर तांब्या पालथा घातलाय. म्हणजे हे कुणाचं तरी घर आहे. बाईच्या हातात फोन आहे आणि फोनातून आवाज येतोय, खणखणीत, हसरा. "अरे शेप्या, मेलास की काय? एवढा भाव खातोस?"

"बंद कर!" कुमुद ओरडते. "तिला सांग ना बंद करायला!"

"मी कसा सांगू? माझं तिला ऐकू जात नाही. तुझंच तेवढं जातंय."

"अरे, माफ कर मला. तोंडाला हाड नाही माझ्या."

"मला कशाला म्हणतीस? मी कुठं ऐकलं? ऐकलं तिनं."

बाई मेसेज पुन्हा लावते. पुन्हा श्राद्ध, पुन्हा हसणं. कुमुद कान झाकून घेते, तर तिचाच आवाज तळहातांतून यायला लागतो. मग त्या आवाजावर टाळ्या पडतात. हॉल माणसांनी भरलाय. सगळ्यांच्या डोक्यावर फेटे, सगळ्यांच्या छातीवर बिल्ले आणि सगळ्यांची तोंडं ओळखीची. तो स्टेजवर टेबलामागे उभा आहे. चष्मा नाकावर ओढून, नाकात आवाज काढून तो हजेरी घ्यायला लागतो. बापाच्या नावासकट, एकही न चुकता. "हजर सर! हजर सर!" लोक हसून हसून लोळताहेत. कुमुदचं नाव येतं आणि तीही "हजर सर!" म्हणून ओरडते. क्षणभर सगळं विसरून हसते सुद्धा.

मग तो थांबतो. चष्मा काढतो. आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणतो, "ढगे मारोती गंगाधर."

लोक फेटे सावरत बसतात.

"ढगे मारोती गंगाधर," तो पुन्हा म्हणतो. लोक एकमेकांकडे बघतात. हा कोण बुवा? एकदोघं सवयीनं हात जोडतात. तो रागावत नाही, हाक मारून वाट बघतो आणि हळूच कुमुदकडे बघतो. हॉलमध्ये एकट्या तिलाच माहीत आहे. उठावं आणि सांगावं, हा काय समोर उभा आहे, अरे, हाच! तिचं तोंड उघडतं आणि तोंडातून येतं, "त्याला जमत नाहीये."

"बरं," तो म्हणतो.

एवढंच म्हणतो आणि स्टेजवरून उतरतो. तिच्या जवळून जाताना तिची मूठ उघडून तीत काहीतरी ठेवतो आणि मूठ मिटवतो. त्याचा हात झारीच्या पाण्यानं गार पडलाय. "नीट धर. सांडशील."

"मारोती!" कुमुद हाक मारते. या नावानं पहिल्यांदाच. हाक मारते आणि त्या हाकेनंच जागी होते.

तोंडावरचा पदर ओला झालाय. उन्हं अजून खिडकीतच आहेत, यजमान अजून घोरताहेत, उशाखाली फोन गुरगुरतोय. ग्रुपवर नुसती धमाल चाललीये. 'शेप्या पहिल्यापासून चुकार.' 'मोठा माणूस झाला, आता आपल्यात कशाला येतोय!' 'कुमुद, त्याला म्हणावं, नाही आलास तर आम्ही तुझ्या घरी येऊन शेपू खाऊ.' खाली हसऱ्या तोंडांची रांग.

उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली आहे. बोटं आखडलीत, डाव्या हातानं एकेक सोडवावं लागतं. आत शेपूची एक कोवळी काडी, चुरगळलेली, दोऱ्यासारखी बारीक पानं तळव्याला चिकटलेली. तळवा हिरवा झालाय. यजमानांना वास चालत नाही म्हणून या घरात लग्न झाल्यापासून शेपू आलेला नाही.

कुमुद तो हात तसाच धरून ठेवते आणि दुसऱ्या हातानं फोन लावते. तिकडून "हॅलो" येताच सगळं एका दमात बोलून टाकते. "सुभद्राताई, मी कुमुद. ती मेसेजवाली. मला माफ करा हो. जे बोलले ते... मस्करीत बोलले. मला माहीत नव्हतं."

तिकडे टीव्हीचा आवाज बारीक होतो. मग बाई म्हणते, "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लई राग आला, ताई. खोटं कशाला बोलू? म्हटलं, कोण ही बया? पण मग रोज लावायले. त्यांना अरे-तुरे करणारं कुणी राहिलंच नाही ना. सासूबाई होत्या, त्या आधीच गेल्या. तुम्ही बोललात तर असं वाटायलं, की हे आहेत अन् मुद्दाम उत्तर देईना झालेत."

कुमुदला रडू आवरत नाही. ती आवरतही नाही.

"एक विचारू?" बाई म्हणते. "शेप्या का म्हणायचे हो त्यांना? आमच्या घरात शेपू कधी शिजला नाही. त्यांना आवडतच नव्हता."

कुमुद तळव्याकडे बघते. "सांगते. सगळं सांगते, तुम्ही रविवारी या, समोर बसवून सांगते. आधी मला एक काम करू द्या."

ती ग्रुप उघडते. हसरी तोंडं अजून येतच आहेत. एका अंगठ्यानं ती सावकाश लिहिते, 'शेपूला जमत नाहीये, हे मी खोटं लिहिलं. मला लाज वाटली म्हणून. शेपू श्रावणात गेला. आपल्याला कळवलं होतं. मारोती गंगाधर ढगे, तोच शेपू.'

हसरी तोंडं थांबतात. आता हात जोडल्याची रांग लागेल म्हणून ती वाट बघते. एकही येत नाही. बऱ्याच वेळानं हरिश्चंद्रचे शब्द उमटतात, 'म्हणजे आपण त्यालाच हात जोडले होते?'

'हो,' कुमुद लिहिते. 'आणि नंतर मी त्याला विचारलं, मेलास की काय.'

यजमान डोळे चोळत बाहेर येतात, दारातच थबकतात आणि नाक मुरडतात. "कुमुद, घरात शेपू आणलास की काय?"

"हो," कुमुद म्हणते, आणि हात धुवायला उठत नाही.