बोहनीचं गिऱ्हाईक

कोऱ्या मांजरपाटाच्या खळीचा वास आला की मला गुलमंडीजवळच्या आमच्या कापडदुकानातली ती सकाळ आठवते. यजमान माल आणायला गेले होते, म्हणून गल्ल्यावर मी बसले होते. दिवसाची पहिली विक्री म्हणजे बोहनी. ते गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं की दिवस वाया गेला, असं आमच्याकडे मानतात. उदबत्ती नुकतीच लावली होती, पुसलेली फरशी अजून ओली होती. तेवढ्यात एक शेतकरी पायरीशी आला, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाला, "पाच मीटर मांजरपाट द्या." तो घासाघीस करणार हे धरूनच मी भाव चढवून सांगितला. त्यानं मुकाट्यानं नोटा पुढं केल्या. मी त्या कपाळाला लावल्या आणि हसून म्हणाले, "चांगल्या हाताची बोहनी झाली, दादा. असेच येत जा." तो कापडाकडं बघत राहिला. "आसं नका म्हणू, ताई. माय गेली. दवाखान्यातून पाचोडला न्यायची हाय." मी ओशाळून चढवलेले पैसे परत करू लागले, तर त्यानं हात मागं घेतला. "तिच्या लुगड्याला जन्मभर घासाघीस केली म्या. आज नाय करायची." आता दुकान सून बघते. सकाळचं पहिलंच गिऱ्हाईक भावावरून हुज्जत घालायला लागलं की ती वैतागते. मला मात्र हायसं वाटतं.