तांबड्या लोकरीचं पिल्लू

गल्लीत तिला सगळे पारखीबाई म्हणत, थोडं कौतुकानं आणि बरंचसं खोडसाळपणानं. लॅब्रॅडॉरची पिल्लं वाढवण्यात तिची हयात गेली होती. पिल्लं दोन महिन्यांची झाली की ती एकेकाला टेबलावर उभं करायची, पाय, पाठ, शेपूट, दात तपासायची आणि निवाडा द्यायची: हे डॉग शोचं, हे घरातलं. घरातलं म्हणजे टाकाऊ नव्हे. एवढंच, की ते रिंगणात परीक्षकासमोर टिकायचं नाही. अशा पिल्लाची खोट ती घेणाऱ्याला तोंडावर सांगायची. "शेपटीला गाठ आहे. तुम्हाला चालेल, परीक्षकाला नाही." यात तिनं कधी आडपडदा ठेवला नाही.

यंदाचं वेत शेवटचं. गुडघे कुरकुरायला लागले होते. एवढ्या वर्षांत तिच्या घरचं एकही पिल्लू चॅम्पियन झालं नव्हतं, आणि ते शल्य तिला खात होतं. पण यंदा ओळखीसाठी गळ्यात तांबडी लोकर बांधलेलं पिल्लू असं उभं राहायचं, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. शोमध्ये कुत्री उतरवणारे जुन्या ओळखीचे मास्तर रविवारी ते बघायला येणार होते.

आणि बुधवारी तिला वाटलं, याचे खालचे दात जरा पुढे आलेत.

वरचे दात खालच्यांवर अलगद टेकायला हवेत. खालचे पुढे गेले, की सगळ्यावर पाणी. तिनं ओठ उचलून पाहिलं. दुपारी पुन्हा. दूध पाजल्यावर पुन्हा. खिडकीशी नेऊन, दिव्याखाली धरून, चष्मा बदलून. कधी ठीक वाटायचे, कधी पुढे आलेले.

"अगं, सारखे दात काय बघतेस? पळून जाणारेत का ते?" नवरा म्हणाला.

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

"नसेल. पण त्याला झोपू दे की जरा."

शनिवारी पिल्लाला धरायला दोन्ही हात लागले. मस्तीखोर झालंय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

मास्तर आले. पिल्लू टेबलावर उभं राहिलं आणि मास्तर नुसतंच "वा!" म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडतच होता, तेवढ्यात त्यांनी जबड्याकडे हात नेला. पिल्लू किंचाळलं, अंग चोरून थरथरायला लागलं आणि टेबलावरच मुतलं. शेवटी पारखीबाईनं घट्ट धरलं, तेव्हा कुठे ओठ उचलता आला.

"दात एकदम बरोबर आहेत हो," मास्तर म्हणाले. "पण तोंडाला हात लावू देत नाही. कुणी छळलंय का याला?"

तिनं फडकं घेऊन टेबल पुसायला घेतलं.

"परीक्षक आधी तोंडच उघडतो, बाई. मी आपलं ते निळ्या लोकरीचं नेतो."

संध्याकाळी कोपऱ्यावरची शिवणवाली आली. तिला घरात सोबतीला पिल्लू हवं होतं. ती सरळ फरशीवरच बसली आणि तांबड्या लोकरीवालं आपणहून तिच्या मांडीत शिरलं.

"किती देखणं आहे हो! खरं सांगा, याच्यात खोट काय?"

पारखीबाईनं चष्मा काढून पदराला पुसला. नवरा दारातून बघत होता.

"खोट त्याच्यात नाही," ती अखेर म्हणाली. "मीच त्याला भेदरवलंय. काही दिवस त्याच्या तोंडाला हात लावू नका."

शिवणवाली निघाली तेव्हा पारखीबाई पिल्लाला कुरवाळायला वाकली. तिचा हात जवळ येताना दिसला मात्र, पिल्लानं शिवणवालीच्या कुशीत तोंड लपवलं.