आत्याची जागा

बॅटरीला हे नाव टॉकीजनं दिलं. सिनेमा सुरू झाल्यावर धापा टाकत येणाऱ्यांना अंधारात त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. हातात बॅटरी आणि तोंडात "पुढे चला, पाय आत घ्या, ताई तुमची ती कडेची." एकाही माणसाला त्यानं दुसऱ्याच्या खुर्चीवर बसू दिलं नाही. कुणी बसलाच, तर पडद्यावर नायक शेवटचा श्वास घेत असला तरी त्या माणसाला उठवल्याशिवाय बॅटरीच्या जिवाला चैन पडत नसे. पुढे टॉकीज बंद पडलं, तिथं सोफासेटचं दुकान आलं आणि बॅटरी घरी बसला. पण बॅटरी काही हातातून सुटली नाही. दिवे गेले की गल्लीत कुणी मेणबत्ती शोधत नसे, सरळ त्याच्या नावानं ओरडत.

त्याच्या घरात पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर, त्याची आत्या राहायची. तिनं लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही आणि पंच्याऐंशी उलटली तरी दात सगळे शाबूत ठेवले. साठी ओलांडलेल्या बॅटरीला ती अजून बाळ्याच म्हणायची. एके सकाळी चहाचा कप खाली ठेवून तिनं जाहीर केलं, "बाळ्या, मी दादांच्या शेजारी जाणार."

"कुठले दादा?"

"माझे वडील. तुझे आजोबा. दुसरे कुठले?"

"अगं आत्या, ते जाऊन ऐंशी वर्षं झाली."

"तेच म्हणते मी. ऐंशी वर्षं एकटे आहेत बिचारे."

प्रकरण असं होतं. आजोबा रबरी शिक्के बनवायचे. त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या कचेऱ्यांत त्यांची ऊठबस, आणि घराबाहेरचा एकूण एक व्यवहार तेच बघायचे. मोठा पूर आला त्या वर्षी ते तापानं गेले. आत्या तेव्हा पाच वर्षांची, बॅटरीचा बाप आजीच्या कडेवर. आजीनं आठवड्याभरात घर बंद केलं, पोरांना घेऊन माहेर गाठलं, आणि पुढे तीही तिकडेच गेली, तिला पुरलंही तिकडेच. आजोबांच्या कबरीवर कुणी दगड बसवला की नाही, हे सांगायलाही कुणी उरलं नाही. आत्या नोकरीसाठी या गावात परत आली तेव्हा दफनभूमीत गुडघाभर गवत होतं. एकदा शोधलं, सापडलं नाही, मग पुन्हा कधीतरी म्हणता म्हणता जन्म गेला.

आणि आता दफनभूमीच्या फाटकावर पाटी लागली होती. जुन्या भागात यापुढे जागा फक्त ज्यांची घरची कबर तिथं आहे त्यांनाच, तीही याच महिन्यात नोंदवली तर. बाकीच्यांनी गावाबाहेरच्या नव्या भागात जायचं.

"नव्या भागात मी पाऊल टाकणार नाही," आत्या म्हणाली. "एक झाड नाही तिथं. आणि बस पण जात नाही."

"तुला कशाला हवी बस?"

"मला नको रे. तुला यायचं असेल ना भेटायला!"

एखाद्याची जागा आहे, ठरलेली आहे, आणि तो माणूस तिथं पोचत नाही, ही गोष्ट त्याला कधीच सहन झालेली नाही. त्यानं बॅटरीत नवे सेल घातले आणि दफनभूमीच्या कचेरीत जाऊन उभा राहिला.

कचेरीतला कारकून स्वभावानं गरीब होता आणि सांगितलं तेवढंच करणारा होता. त्यानं पुराच्या वर्षाची वही काढली, धूळ झटकली, दोघेही भरपूर शिंकले. आजोबांचं नाव काही सापडेना. मग बॅटरीनं पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत कपाळाला हात लावला.

त्या काळी नोंद घेणारा जो कोणी महाभाग होता, तो या कारकुनाचाच पूर्वज शोभला असता. समोरचा जे बोलेल ते त्यानं लिहिलं होतं. नावाच्या रकान्यात "मामा" होते. "आमचा थोरला" होता. "शेजारचे" होते. एके ठिकाणी तर "सांगतो, जरा बसू द्या" असं नाव होतं, आणि त्यापुढे रीतसर रांग आणि जागा. "आमचे हे" तर चार जण होते.

"आमचे हे!" बॅटरीनं टेबलावर थाप मारली. "आमची आजीच आली असणार नोंद करायला. नवऱ्याचं नाव कुठं घेतेय ती? चारातले एक आमचे हे म्हणजे आमचेच!"

दुसऱ्या दिवशी आत्याला रिक्षात घालून तो घेऊन गेला. भर दुपारी झाडांच्या सावलीत बॅटरी पेटवून जमिनीतल्या लोखंडी खुंट्यांवरचे आकडे वाचू लागला. "पुढे चला, पुढे चला, डाव्या हाताला, पाय सांभाळून." एका बाजूच्या कबरीला धक्का लागला तर चक्क "सॉरी हां" म्हणाला. पहिले दोन आमचे हे दगडावरच्या जन्मवर्षावरून बाद झाले. तिसऱ्यापाशी मात्र आत्या थबकली. दगड शेवाळानं पार झाकलेला. तिला काय वाटलं कोण जाणे, ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली. दादा, तुम्ही गेलात, मग असं झालं, मग तसं झालं, ऐंशी वर्षांचा हिशेब तिनं तिथं ओतला. बॅटरीचेही डोळे भरून आले. आणि नको ती बुद्धी सुचून त्यानं किल्लीनं शेवाळ खरवडलं. खाली अक्षरं निघाली: पहिलवान, तीन गदांचे मानकरी.

आत्यानं डोळे पुसले. "दादांना साधी पाण्याची बादली उचलवत नव्हती."

"आत्या, आपण..."

"एवढं रडले मी! लोकांच्या माणसावर!" ती संतापली होती. "त्या मेल्यानं ऐकून तरी कसं घेतलं मुकाट्यानं!"

चौथे आमचे हे चक्क बाई निघाले. ते कसं झालं, हे कारकुनालाही सांगता आलं नाही. बॅटरी पुन्हा वहीला चिकटला. महिना संपत आला होता आणि आत्या रोज संध्याकाळी खिडकीतून विचारत होती, "सापडले का?" तो नाही म्हणाला की ती खिडकी लावून घ्यायची. पुराच्या वर्षातल्या शेवटच्या पानांवर त्याचं बोट एका नोंदीवर अडखळलं. नाव: अहो. रांग सहा, जागा अकरा.

"हे काय?" त्यानं विचारलं.

कारकुनानं चष्मा वर केला. "परदेशी असेल कुणीतरी. असतात तिकडे असली आडनावं."

बॅटरीला ते पटलं. त्यानं पान उलटलं, वही मिटली आणि तोंड पाडून घरी आला. चपला काढून खुर्चीत बसला, तोच आतून बायकोनं हाक मारली.

"अहो!"

"ओ," बॅटरी म्हणाला.

"अहो, पाणी गेलंय, मोटर लावा."

बॅटरी उठला, मोटरीच्या बटणापर्यंत गेला आणि बटणावर बोट ठेवून तसाच उभा राहिला. चाळीस वर्षं या घरात त्याला एकच नाव होतं. गल्लीला तो बॅटरी, आत्याला बाळ्या, पण बायकोच्या तोंडून त्यानं आजवर दुसरं काही ऐकलंच नव्हतं. तो तसाच पुढच्या खोलीत धावला.

"आत्या, आजी आजोबांना काय म्हणून हाक मारायची?"

"काय म्हणून म्हणजे? अहो म्हणायची. मग काय नाव घेऊन ओरडेल?"

"नोंद करायला ती गेली होती ना? तू होतीस बरोबर?"

आत्या खिडकीकडे वळली. मग हळूहळू बोलायला लागली. "होते की. आईचा पदर धरून. दादांना हातगाडीवर आणलं होतं, गाडी कचेरीच्या दारातच उभी होती. आतल्या माणसानं आईला काहीतरी विचारलं. आईला कचेरीत बोलायची सवय कुठली? तसलं सगळं दादाच बघायचे. ती घाबरली, वळली, आणि गाडीकडे बघून म्हणाली, 'अहो, हे बघा काय विचारतायत.'"

बायको हात पुसत दारात येऊन उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. बॅटरीला आजोबा कधी दिसले नव्हते, आजीही त्याला धूसर आठवत होती, पण त्या क्षणी त्याला दोघांचंही फार वाईट वाटलं.

"आणि त्या शहाण्यानं लिहून घेतलं," आत्या शेवटी म्हणाली. "अहो."

दुसऱ्या दिवशी कारकुनासमोर आत्यानं हीच हकिकत पुन्हा सांगितली. पुरावा म्हणून दुसरं काहीच नव्हतं. कारकून ऐकत राहिला. त्यानं नोंद पाहिली, आत्याकडे पाहिलं, मग टेबलावरचा स्वतःचा डबा उगाच सरकवला. "आमच्या घरीही तेच," तो म्हणाला. "परदेशी म्हणालो मी. चुकलंच माझं."

सहावी रांग कडेच्या भिंतीलगत होती. अकराव्या खुंटीपाशी दगड नाही, नाव नाही, नुसतं गवत. शेजारची बारावी जागा रिकामी. आत्या या वेळी रडली नाही, पहिलवानानं तिला शहाणं केलं होतं. गवतावर हात फिरवत ती म्हणाली, "दादा, उशीर झाला. हा बाळ्या. पोचवतो सगळ्यांना, पण वेळ फार लावतो." मग कमरेचा रुमाल काढून तिनं बाराव्या जागेवर पसरला.

"आत्या, उडून जाईल तो."

"मग दगड ठेव वर. कुणी बसायला नको येऊन."

बॅटरीनं चांगला जड दगड शोधून ठेवला. या कामाचं महत्त्व त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कचेरीत परतल्यावर कारकुनानं जुन्या नोंदीवर पेन टेकवलं. "इथं खोडून तुमच्या वडिलांचं खरं नाव घालतो."

"काही नको," आत्या म्हणाली. "माझ्या आईनं त्यांना दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही. तसंच असू दे."

मग नवी वही उघडली. "रांग सहा, जागा बारा, राखीव," कारकून लिहिता लिहिता म्हणाला. "नाव?"

बॅटरीला आत्याचं नाव माहीत नव्हतं असं नाही. पण सवयीनं तो तिच्याकडे वळला. "आत्या, हे बघ काय विचारतायत."

कारकुनाचं पेन चाललं. आत्यानं मान लांब करून वहीत पाहिलं. "काय लिहिलंत?"

कारकून गोरामोरा झाला. "आत्या लिहिलं गेलं. थांबा, खोडतो."

आत्यानं पटकन पानावर हात ठेवला. तिचं खरं नाव बँकेला ठाऊक होतं, पेन्शनच्या कचेरीला ठाऊक होतं, आणि त्या नावानं तिला मायेनं हाक मारणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

"खोडू नका," ती म्हणाली. "मी ओ देते ती ह्याच नावाला."