रिकामं आणि निरंक

पानशांच्या पुतणीचा, अनघाचा, फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, पानशांनी माघार घेतली. आमचा अबोला चालू होता, तिसरा आठवडा. स्वतः न बोलता पुतणीकडून निरोप पाठवणं त्यांना शोभलंही असतं. ती म्हणाली, "मावशी, काका गेले हो... चहा ठेवला, खुर्चीत टेकले, आणि तसेच." मी म्हणाले, "असं कसं? परवा रविवार आहे." काहीतरीच बोलले. पण तोंडातून निघालं ते हेच.

श्रीधर पानसे खडकीच्या कारखान्यात तपासणीचं काम करत. राहायला धायरीला. मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. एके दिवशी हे गृहस्थ वर्तमानपत्रात गुंडाळलेली फांदी घेऊन विभागात आले आणि म्हणाले, "हिचं नाव हवंय. अंदाजे सांगणार असाल तर राहू द्या." माझ्याशी असं कुणी बोलत नसे. मी तोऱ्यात नाव ठोकून दिलं, ते चुकलं, आणि पुढच्या आठवड्यात येऊन त्यांनीच मला ते सांगितलं. अशी ओळख झाली, आणि टिकली याचं आम्हा दोघांनाही नवल वाटायचं.

धायरीच्या मागच्या टेकडीखाली एक उघडा माळ आहे. दर रविवारी सकाळी सात ते आठ पानसे तिथल्या एका सपाट दगडावर बसत आणि वहीत लिहीत. काय फुललं, काय वाळलं, आणि मुख्य म्हणजे माळटिटव्या किती दिसल्या. डोळ्यांपुढे पिवळी झालर असलेला हा पक्षी उघड्या खड्यांत अंडी घालतो, त्याला माळच लागतो. माझे यजमान गेले, मी निवृत्त झाले, आणि मीही त्या दगडावर जाऊन बसू लागले. दोघांत एक थर्मास. तासभर बोलायचं नाही, हा नियम. खरं सांगते, आठवड्यातला तेवढा एकच तास मला एकटं वाटायचं नाही.

वहीत पहिला रकाना 'हजर'. त्यात 'पानसे, मॅडम'. मी बहिणीकडे गेले असले तर नुसतं 'पानसे'. टिटवी दिसली तर आकडा, आणि दिसली नाही तर एकच शब्द : निरंक. ही कारखान्याची सवय. "अपघाताच्या रजिस्टरात रोज निरंक लिहावं लागायचं," ते सांगत. "रकाना रिकामा ठेवला की साहेब विचारणार, अपघात झाला नाही, की तुम्ही बघितलंच नाही?"

मग माळाच्या कडेने इमारती चढत आल्या. टिटव्या सहाच्या चार झाल्या, चाराच्या दोन. पुढे वह्याच्या वह्या निरंक.

देशभरातले अभ्यासक आपापल्या माळांच्या, तळ्यांच्या, जंगलांच्या नोंदी एकमेकांसाठी खुल्या करतात, असं एक जाळं आहे. त्यात या वह्या जाव्यात म्हणून मी पानशांच्या मागे लागले. "कोण वाचणार माझं अक्षर?" म्हणत त्यांनी वर्षभर टोलवलं. शेवटी म्हणाले, "घ्या. पण जसं आहे तसं." उन्हाळाभर मी घरी बसून नोंदी संगणकावर चढवल्या. आकडा असेल तिथे आकडा घातला. निरंक असेल तिथे... काहीच घातलं नाही. पक्षीच नाही तर घालायचं काय, असा विचार केला.

पानशांना कौतुकाने बोलावून पडदा दाखवला. आलेखात टिटव्यांची रेघ उतरत आली होती आणि मध्येच तुटली होती. पुढे कोरं, आणि खाली अक्षरं : 'निरीक्षण झालेले नाही'.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "मॅडम, या वर्षांत मी मेलो होतो काय?"

"अहो, पक्षी नव्हताच ना? मग शून्य काय आणि रिकामं काय!"

जन्मभर शास्त्र शिकवत आलेल्या बाईने हे बोलावं! पानशांनी अर्धा चहा तसाच ठेवला, टोपी घातली, वह्यांची पिशवी उचलली आणि गेले. टिटवी माळावरून गेली याचा एकुलता एक पुरावा ते निरंक होते, आणि मी तेच पुसून टाकले होते. संध्याकाळपर्यंत मला हे कळलंही होतं. दुरुस्तीला आठवडा लागला असता, पण 'चुकले' म्हणायला फोनचं एक मिनिट पुरलं असतं. नाकावर माशी बसू न देणारी मी, ते मिनिट काढलं नाही. त्या रविवारी गेले नाही. पुढच्याही नाही.

तेराव्यानंतर अनघा वह्यांची पिशवी घेऊन आली. मी एकेक निरंक शोधून त्याजागी शून्य घातलं. खरोखर रिकामे रकाने मोजकेच निघाले. ते पानसेवहिनींच्या शेवटच्या आजारातले. तेव्हा पानसे माळावर गेले नव्हते, म्हणून काही लिहिलं नव्हतं. पडद्यावरची तुटलेली रेघ आता खाली टेकली आणि शेवटपर्यंत जमिनीलगत चालत राहिली. नोंदी जाळ्यात खुल्या केल्या आणि दोन दिवसांनी कुठल्याशा दूरच्या माळावरून एका अनोळखी अभ्यासकाचं पत्र आलं. आमच्याकडेही टिटवी गेली, पण इतक्या वर्षांची शून्यं जपणारं कुणी भेटलं नव्हतं. या गृहस्थांशी बोलता येईल का? ते वाचून मी एकटीच मोठ्याने रडले.

शेवटची वही मी मुद्दाम मागे ठेवली होती. त्यात शेवटचे दोन रविवार होते. हजर : पानसे. टिटवी : निरंक. आणि त्याखाली, दोन्ही रविवारी, त्याच ठसठशीत अक्षरात : 'मॅडम : निरंक.'

मी बहिणीकडे जायची तेव्हा ते असं लिहीत नसत.

काल रविवार होता. मी वही घेऊन गेले, थर्मासही नेला, सवयीने दोन पेले नेले. सात ते आठ बसले. धायरीकडून येणाऱ्या पायवाटेकडेही पाहिलं, वेड्यासारखं. मग लिहिलं. हजर : मॅडम. टिटवी : निरंक. त्याखाली 'पानसे' लिहिलं आणि पेन थांबलं. रिकामं सोडावं असं फार वाटलं... पण तासभर मी नीट पाहिलं होतं.

निरंक लिहिलं.